अँबर एल, दाजी आणि बारा डिग्री

मागच्या मे महिन्यात कंपनीच्या ट्रेनिंगला दोन दिवस पुण्याला गेलो होतो, येताना लोक बाकरवडी आणतात, मी एक लिटर बिअर आणली. ग्राउलर म्हणतात त्याला. जाड तपकिरी काचेची बाटली, मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जिथं जागेवरच थोडी थोडी बिअर बनवून विकतात तिथं, नळाखाली धरून समोर भरून देतात. बाटलीचे पैसे वेगळे. भरणाऱ्या पोरानं तीन गोष्टी सांगितल्या, थंडच ठेवा, मधे उघडू नका आणि उद्या रात्रीपर्यंत संपवा. तिन्हीपैकी मी एकच पाळली, ती म्हणजे संपवायची.

आता कुणी म्हणेल की संभाजीनगरच्या माणसाला पुण्याहून बिअर आणायची काय गरज पडली. बरोबर आहे. आमच्याकडं एमआयडीसीत मोठमोठे बिअरचे कारखाने आहेत, पहाटेच्या पाळीला वाळूजकडं जाताना वारा तिकडून असला की उकडलेल्या धान्याचा वास बसच्या खिडकीतून आत येतो. पण तिथं बनतं ते बहुतेक लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली, सरळ चवीची बिअर, आणि बिअर शॉपीत विचाराल तर दोनच जाती, माइल्ड आणि स्ट्राँग. माइल्ड मागितली तर दुकानदार आधी वर बघतो, तब्येत बरी नाही का म्हणून. पुण्याला २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, देशातली पहिली मायक्रोब्रुअरी म्हणतात तिला, तेव्हापासून तिकडं लोक गव्हाची बिअर काय, सफरचंदाची सायडर काय, नावं घेऊन मागतात. मी काही दर महिन्याला जाणारा नाही, वर्षातून दोनदा ट्रेनिंग लागलं तर. पण गेलो की अँबर एल पितो, तांबूस रंगाची बिअरची एक जात. आणि वहीत दहापैकी मार्क लिहितो. क्वालिटी डिपार्टमेंटला चौदा वर्षं काढली की माणूस घरच्या वरणालाही मनातल्या मनात मार्क द्यायला लागतो, बायको त्यावरून चिडते तो विषय वेगळा.

(ही बिअर कुठल्या ठिकाणची ते सांगत नाही, कारण पुढं जे काय बिघडलं ते माझ्या हातानं बिघडलं, उगीच त्यांचं नाव खराब नको.)

तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात बाटली, वरून ओला टॉवेल, असा सगळा थाट करून दुपारच्या ट्रॅव्हल्सला बसलो. परमिट खिशात. वाघोलीलाच दीड तास गेला. एसी चालू होता असं ड्रायव्हर म्हणत होता, आम्ही बसलेले कुणी तसं म्हणत नव्हतो. शिरूर येईपर्यंत डब्यातून खळखळ आवाज यायला लागला, म्हणजे बर्फाचं पाणी झालं. नगरला गाडी थांबली तसा मी डबा घेऊनच उतरलो आणि स्टँडसमोरच्या रसवंतीवाल्याकडं गेलो, म्हणलं वीस रुपयाचा बर्फ द्या. तो म्हणाला रस घ्या, नुसता बर्फ नाही देत. मग रस प्यालो. मग त्यानं बर्फ फोडता फोडता विचारलं, औषध आहे का आत? मी म्हणलो हो, इन्शुलिन. त्यानं बिचाऱ्यानं मूठभर जास्त टाकला. अजून टोचतंय मला ते.

आणि इथंच माती खाल्ली. बर्फ भरताना वाटलं एकदा झाकण उघडून बघावं, गॅस आहे का गेला. फिस्स. होता की गॅस, निम्मा तेवढ्यात गेला. क्वालिटीतला माणूस, सील तोडून तपासतो आणि मग लिहितो सील तुटलेलं आढळलं.

घरी पोचलो तर आठ वाजून गेलेले. बाटली रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी रविवार, बायको-पोरं परभणीला, आणि संध्याकाळी आमचे दाजी लातूरहून आले, त्यांचं इथं हायकोर्टात जमिनीच्या केसचं काम होतं सोमवारी. ताईनं त्यांच्याबरोबर धपाटे, ठेचा आणि येसरचा एक पुडा दिलेला. दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, स्ट्राँगशिवाय काही पीत नाहीत, ती पण महिन्यातून एकदा आणि शनिवारीच. रविवार असूनही बसले हे माझ्यावर उपकार.

गच्चीवर सतरंजी टाकली. साडेसात वाजले होते तरी फरशी तव्यासारखी, दोन बादल्या पाणी मारावं असं वाटत होतं पण नळ येऊन पाच दिवस झालेले, टाकीत किती आहे ते बघूनच खाली ठेवली बादली.

दाजींनी बाटली हातात घेऊन फिरवली. म्हणले, "काय नाव म्हणलास हिचं?"

"अँबर एल."

"अंबर? आपल्या मलिक अंबरचं का काय?"

मी हसलो, पण नंतर रात्री बसून बघितलं तर दाजी चुकून बरोबर निघाले. इंग्रजीतला अँबर हा शब्द मुळात अरबी अंबर वरून आलाय, आणि १६१० ला ज्यानं इथं खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, नहर-ए-अंबरीनं डोंगरातलं पाणी गावात खेळवलं, त्याच्या नावातही तोच अंबर. बिअरला मात्र नाव पडलंय ते रंगावरून, राळेचा तो जुना पिवळट तांबूस खडा असतो ना दागिन्यातला, त्याच्यासारखी दिसते म्हणून.

रंग खरंच देखणा. पहिला ग्लास मोबाईलच्या टॉर्चसमोर धरला तर कोऱ्या चहाचा रंग, कडेला जरा लालसर, इमरती पाकातून काढल्यावर तिच्या कडेला जो दिसतो तो. बिअरचा रंग मोजायची पट्टी असते, पाण्यासारखी फिकी लागर दोन-तीनवर, काळीकुट्ट स्टाउट चाळीसच्या आसपास, अँबर दहा ते सतरामध्ये. ही मला तेरा-चौदा वाटली. रंगाला पूर्ण मार्क.

फेस मात्र बसलाच नाही. ओतला तसा आला आणि दूध उतू जायच्या आधी गॅस बंद केल्यासारखा खाली गेला. दाजी लगेच, "मेली वाटतं." मी म्हणलं नगरची शिक्षा भोगायलोय. पण ग्लास नीट बघितला तर आतल्या बाजूनं बुडबुडे काचेला चिकटून बसलेले, ओळीनं. ते चिन्ह वेगळं असतं. ग्लास तेलकट आहे. आमच्या घरात त्या ग्लासात पोरगं रोज रात्री दूध पितं, आणि साबणानं कितीही घासला तरी सायीचा पापुद्रा राहतोच, तो फेसाला मारतो. खाली जाऊन दुसरे दोन ग्लास मीठ लावून चोळले, खळखळून धुतले, पालथे ठेवून वाळवले. यावेळी ओतलं तर बोटभर फेस, मळकट पांढरा, आणि पीत गेलो तशी काचेवर त्याची जाळी राहत गेली. म्हणजे सगळाच दोष माझ्या झाकणाचा नव्हता, थोडा पोराच्या दुधाचा पण होता.

माझ्याकडं सळईवाला थर्मामीटर आहे, बायको त्यानं पाकाचं तापमान बघते. तो ग्लासात सोडला. पाच डिग्री.

पाच डिग्रीला पहिला घोट. काही नाही. म्हणजे थंड लागली, बरं वाटलं, घशातून जाताना टोचली, पण चव विचाराल तर फ्रीजमधल्या कोथिंबिरीची आली जरा. शेवटी किंचित कडू. मी वहीत लिहिलं साडेचार. दाजी म्हणले, "ही तर माइल्डच आहे की, वरून महाग." त्यांच्या हिशोबानं बरोबर होतं. मायक्रोब्रुअरीतल्या फळ्यावर अल्कोहोल लिहिलेलं सव्वापाच टक्के, दाजींची नेहमीची बाटली आठ टक्क्यापर्यंतची.

आता मुद्दा असा आहे की आपण मराठवाड्यातली माणसं बिअर गार पितो, नुसती गार नाही तर फ्रीजरमध्ये ठेवून बाटलीवर पांढरा थर आल्यावर. बेचाळीस डिग्रीत राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार. आणि स्ट्राँग तशी प्यावीच लागते, कारण ती जरा कोमट झाली की तिचा खरा वास बाहेर येतो आणि मग घोट खाली जात नाही. गारव्यानं जिभेला बधिरपणा येतो, दोष झाकले जातात. पण गुणही झाकले जातात ना भाऊ. एल जातीची बिअर मुळातच उबेला आंबवतात, पंधरा ते वीस डिग्रीच्या आसपास, तिथं ते यीस्ट फळांसारखे वास तयार करतं, लागरचं थंडीत दहा-बाराला सावकाश चालतं म्हणून ती साफ, सरळ लागते. उबेत तयार झालेला वास बर्फात शोधायला गेलं तर कसा सापडेल.

दाजींना म्हणलं, "दाजी, दहा मिनिटं ग्लासला हात लावू नका."

"काबरं?"

"बघा तर."

"बिअर समोर ठिवून बघत बसायचं? शाळेत पोरांना पण अशी शिक्षा देत नाही मी."

मग गप्पा मारल्या. कोर्टाचं काम, पाऊस कधी, सोयाबीनचा भाव, नेहमीचंच. मी मधे मधे सळई बुडवून आकडा बघत होतो. सात. नऊ. गच्चीवरचा वारा गरम, त्यामुळं फ्रीजमधून काढलेल्या ग्लासाला वर चढायला वेळ लागत नाही. अकरा. बारा.

बाराला ग्लास नाकाखाली धरला आणि खरं सांगतो, दुसराच ग्लास वाटला. आधी मोसंबी. रस नाही, साल. जालन्याकडून येताना गाडीवर घेतलेली मोसंबी सोलताना सालीत नख रुततं आणि बारीक तुषार उडून नाकात जातो, थोडा तिखट, थोडा कडवट, तो. हा हॉप्सचा वास. हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं, बिअरला कडूपणा त्यांचाच. अमेरिकन पद्धतीच्या अँबरमध्ये बहुतेकदा कॅस्केड नावाची जात घालतात, ओरेगॉनात तयार झालेली, १९७२ ला बाजारात आली, तिचा वास असाच संत्र्या-मोसंब्याच्या कुळातला. मोसंबीच्या मागून गुळाची चिक्की, तीही कढईच्या बुडाला लागलेली. मी वहीत लिहिलं चिक्की, काकवी, भाजलेला पाव आणि पुढं पेन अडकलं. एक वास होता जो ओळखीचा होता आणि नाव सापडत नव्हतं. दाण्याचा नाही, कॉफीचा नाही.

दाजींनी एवढ्यात घोट घेतला होता. दोन सेकंद तोंडात धरला. म्हणले, "येसर भाजायलेत कुणीतरी."

मी बघतच राहिलो. तेच! अगदी तेच. जे मराठवाड्याबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी, येसर म्हणजे गहू, ज्वारी, हरभरा डाळ असलं धान्य मंद आचेवर खरपूस भाजून, त्यात धणे-मसाले घालून दळलेलं पीठ, त्याची आमटी करतात, लग्नकार्यात तर हमखास. घरात येसर भाजत असलं की गल्लीच्या तोंडाला कळतं. मसाले पडायच्या आधी नुसतं धान्य भाजताना जो वास असतो, गोडसर, कोरडा, जळायच्या एक पायरी अलीकडचा, तो त्या ग्लासात होता. मी गेली चार-पाच वर्षं अँबर पितोय आणि इंग्रजीत वाचलेलं टोस्ट, कॅरॅमल, बिस्कीट हेच लिहीत आलोय. दाजींनी आयुष्यातल्या पहिल्या अँबरच्या दुसऱ्या घोटात नाव सांगितलं.

आणि ते उगीच जुळलेलं नाही. माल्ट म्हणजे दुसरं काय, सातूला मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं. बाळाला नाचणीचं सत्त्व करतात तेव्हा आपल्या आया अर्धी वाट तीच चालतात, भिजवणं, फडक्यात बांधणं, मोड, वाळवण. अँबरमध्ये साध्या माल्टबरोबर क्रिस्टल माल्ट घालतात. त्याची गंमत अशी की मोड आलेलं सातू वाळवायच्या आधीच, ओलं असतानाच, बंद भट्टीत साधारण पासष्ट डिग्रीवर उबवतात, त्यामुळं दाण्याच्या टरफलातच पिठाची साखर होते, आणि मग आच वाढवून भाजतात. दाणा फोडला तर आत काचेसारखा कडक, चिक्कीच ती. ही साखर यीस्टला सगळी खाता येत नाही, म्हणून बिअरमध्ये गोडी शिल्लक राहते. जेवढं जास्त भाजाल तेवढा रंग गडद, आणि जास्तच भाजलं तर जळकं. येसरवालीला हे सांगायची गरज नाही.

चव पण बाराला उघडली. आधी गोडी, मधे ते भाजलेलं, आणि गिळल्यावर कडूपणा येतो तो जिभेच्या मागच्या बाजूला बसून राहतो, मेथीच्या भाजीसारखा, त्रास न देणारा. कडूपणाचा आकडा असतो, अँबरचा पंचवीस ते चाळीस, हिची फळ्यावर तीस लिहिलेली होती. गोड आणि कडू एकमेकांना धरून आहेत, कुणी कुणाला ढकलत नाही. फक्त गॅस कमी. तो असता तर शेवट अजून साफ झाला असता. आणि अगदी खोल कुठंतरी ओल्या पुठ्ठ्याचा एक धागा, हवा लागली की बिअरला येतो तो. नगर. माझेच अर्धे मार्क माझ्यामुळं गेले. बारा डिग्रीला साडेसात.

मग धपाटे काढले. धपाट्याच्या करपलेल्या ठिपक्यांशी तिचं छान जमलं, भाजलेल्याला भाजलेलं. ठेच्याशी नाही. ठेच्याचा घास आणि वर हॉप्सचा कडूपणा म्हणजे आगीत रॉकेल, दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी घाईघाईनं अजून एक घोट घेतला, त्यानं अजून वाढलं. लोकांना वाटतं तिखटावर बिअर बरी. कडू बिअरनं तिखट चढतं. त्यापेक्षा खारे दाणे घ्या नाहीतर भरीत, चुलीवर भाजलेल्या वांग्याचं.

मधे एक आठवलं म्हणून सांगतो. कॅलिफोर्नियात हॉपलँड म्हणून गाव आहे, तिथं मेंडोसिनो नावाच्या ब्रुअरीनं १९८३ ला रेड टेल एल काढली, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या अँबरांमध्ये तिचं नाव घेतात. ती कंपनी १९९७ मध्ये कुणाच्या ताब्यात गेली, तर विजय मल्ल्यांच्या यूबी ग्रुपच्या. २०१८ ला बंद पडली. म्हणजे वीस वर्षं एक चांगली अँबर आपल्याच माणसाच्या खिशात होती आणि आमच्या शॉपीत मी तरी ती कधी पाहिली नाही, माइल्ड का स्ट्राँग एवढंच. दाजींना सांगितलं तर म्हणले, त्यांच्या खिशात अजून लै काय काय होतं.

साडेनऊच्या सुमारास माझ्या ग्लासात तळाला चार बोटं राहिली होती. बावीस डिग्री. गॅस संपलेला, गोडी चिकट झालेली, मोसंबी गायब, आणि पुठ्ठा आता समोर येऊन बसलेला. लिहिलं पाच, आणि कुंडीत ओतायला उठलो.

दाजींनी हात धरला. "आण इकडं."

"दाजी, ती मेली आता."

"पाणीच आहे ना त्यात. आण."

लातूरचा माणूस. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं त्यांच्या गावाला, दाजी ताईबरोबर घागरी घेऊन रात्री दोन-दोन वाजता रांगेत उभे राहिलेले. त्याच उन्हाळ्यात इथं हायकोर्टाच्या खंडपीठानं दारूच्या आणि बिअरच्या कारखान्यांचं पाणी निम्म्याहून जास्त कापायला लावलं होतं, आम्ही कंपनीत त्यावर तावातावानं बोलायचो, रोजगार का पाणी, आणि संध्याकाळी शॉपीत बिअर आहे ना ते बघायचो. बिअरमध्ये नव्वद टक्क्याहून जास्त पाणीच असतं, आणि एक लिटर बनवायला कारखान्यात त्याच्या काही पट लागतं, टाक्या धुणं, बाटल्या धुणं. हे मला आकड्यात माहीत होतं. दाजींनी ती चार बोटं पिऊन टाकली, तोंड वाकडं केलं, आणि ग्लास पालथा ठेवला.

मी विचारलं, मार्क किती?

"मधलीला सत्तर. पहिलीला पस्तीस, काठावर पास. शेवटचीला..." थोडं थांबून म्हणले, "उपस्थितीचे पाच."

माझा साडेसात आणि त्यांचे सत्तर, फार फरक नाही. मी वहीत एकच आकडा लिहायचा म्हणून सात लिहिला, अर्धा नगरचा वजा, आणि पुढं कंसात बारा डिग्री. मागची जुनी पानं चाळली तर कुठंच तापमान लिहिलेलं नाही. चार-पाच वर्षांचे मार्क, सगळे पुण्यातल्या एसीत, पहिल्याच घोटाला दिलेले. आता ते धरायचे का सोडायचे ते ठरलं नाही.

दाजी सोमवारी कोर्टातून परस्परच लातूरला गेले, पुढची तारीख पडली. जाताना विचारत होते की त्या बाटलीचे पैसे परत मिळतात का. मिळत नाहीत. ती आता आमच्या फ्रीजच्या दारात आहे, पाण्याला. काच जाड आहे, पाणी लै वेळ गार राहतं.